हद्दीचा ताळेबंद

सकाळी ६.००, डोंबिवली पूर्व

सोसायट्यांचे हिशेब लिहिणाऱ्या बाईच्या मोबाइलवर सकाळचा पहिला मेसेज टँकरचा असतो. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचा वॉचमन रात्रभरात आलेल्या खेपांच्या चिठ्ठ्यांचे फोटो एकगठ्ठा पाठवतो. गाडीचा नंबर, वेळ, दहा हजार लिटर, खाली कोणाची तरी न वाचता येणारी सही. पाठोपाठ दिव्याहून निरोप येतो, ‘ताई, दोन माळ्यांची वर्गणी अजून आली नाय.’ मुलुंडहून क्वचितच काही येतं. नेरूळहून आलाच तर एखाद्या सणाच्या शुभेच्छांचा फोटो.

मेंटेनन्सची बिलं काढणं, पावत्या लावणं, बँकेशी मेळ घालणं, थकबाकीदारांना नोटिसा पाठवणं आणि मार्च संपला की ऑडिटरपुढं फाइल ठेवणं, हा माझा धंदा. एप्रिल-मे आमची सुगी. माझ्या सोसायट्या मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवली अशा चार महापालिकांच्या हद्दींत विखुरल्या आहेत. खर्चाची खाती सगळीकडे तीच असतात: पाणी, मालमत्ता कर, लिफ्ट, सफाई, वॉचमन, किरकोळ. पण एकाच खात्यासमोरचा आकडा हद्द ओलांडली की ओळखू येत नाही. रहिवाशांच्या मिळकतीतला फरक मला लगेच कळतो. हा फरक त्याहून वेगळा आहे, आणि तो समजायला मला बरीच वर्षं लागली.

सकाळी ६.४०, लोकल

डोंबिवलीहून स्लो गाडी. लेडीज डब्यात फोर्थ सीट मिळाली तरी दिवस बरा म्हणायचा. ज्यांना खिडकी हवी असते त्या आधी उलट्या कल्याणला जातात आणि तिथूनच बसून येतात. डब्यात मंत्रालयातल्या आहेत, बँकेतल्या आहेत, परळच्या हॉस्पिटलांतल्या नर्स आहेत, बीकेसीतल्या काचेच्या इमारतींत हाउसकीपिंग करणाऱ्या आहेत. कोपर जातं, दिवा येतं, आणि मग पाय हलवायला जागा उरत नाही. दिव्याच्या प्रवाशांचा संताप २ जानेवारी २०१५ ला रुळांवर उतरला होता. फास्ट गाडी तिथं थांबायला लागली ती डिसेंबर २०१६ मध्ये. पुढं मुंब्र्याजवळचं वळण लागतं. ९ जून २०२५ च्या सकाळी दारात लटकलेली माणसं इथंच गाडीतून खाली पडली आणि त्यातली चार त्याच दिवशी गेली. वळण आलं की दारातल्या बायका आत सरकू बघतात. सरकायचं कुठं, हा प्रश्नच असतो.

या डब्याचा ताळेबंद मांडायचा तर असा मांडावा लागेल. जिचा पगार पंचवीस हजारांच्या वर आहे तिचा महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो, पण तो राज्य सरकारकडे जातो. ती ज्या इमारतीत काम करते तिचा मालमत्ता कर मुंबई महापालिकेकडे. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा तिला लागणारं पाणी, घंटागाडी, रस्त्यावरचा दिवा, मुलाची शाळा आणि सासूचा दवाखाना यांचा बोजा मात्र ती जिथं झोपते त्या शहरावर. आमच्या भाषेत, जिथं दिवस जातो तिथं जमा आणि जिथं रात्र जाते तिथं नावे. संध्याकाळची गाडी माणसं परत आणते, कर परत आणत नाही.

सकाळी ८.००, मुलुंड

जुनी तीन मजली इमारत. खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळं व्हाउचर क्रमानं लावलेली असतात आणि माझं काम निम्मं होऊन जातं. इथले सगळे फ्लॅट पाचशे चौरस फुटांच्या आतले. मालमत्ता कराच्या खात्यात घरांपुढं शून्य. १ जानेवारी २०२२ ला मुख्यमंत्र्यांनी मुंबईतल्या पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पूर्ण करमाफी जाहीर केली, मग कायद्यात तशी दुरुस्ती झाली. सुमारे १६ लाख घरांना ती लागू होणार असं तेव्हा सांगितलं गेलं. सवलत मुंबईपुरती. माझ्या डोंबिवलीच्या सोसायटीत याच मापाचा फ्लॅट मुलुंडच्या मानानं कितीतरी कमी किमतीत मिळतो, पण त्याला मालमत्ता कर आहे. गरिबाला सूट आणि श्रीमंताला कर असा हा मामला नाही. श्रीमंत महापालिकेला सूट देणं परवडतं, एवढाच त्याचा अर्थ.

‘आम्ही काय फुकटे आहोत का?’ काका चहाचा कप पुढं करत म्हणतात. ‘पाण्याचं बिल भरतोय ना. आणि सायन हॉस्पिटलला जाऊन केसपेपरवरचे पत्ते वाचा. बदलापूर, कर्जत, टिटवाळा. आमच्या पैशावर कोण बरं होतंय?’

काकांचं म्हणणं खोटं नाही. केईएम, सायन, नायर ही मुंबई महापालिकेची मोठी रुग्णालयं सगळ्या प्रदेशाचा भार वाहतात. मात्र ‘आमचा पैसा’ हा शब्द मला अडतो. हा पैसा आला कुठून, ते काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्दच्या जकात नाक्यांवर रात्रभर ट्रकांच्या रांगा लागायच्या. ठाण्याच्या दुकानात विकायचा माल असो की डोंबिवलीकराच्या लग्नातला फ्रीज, मुंबईतल्या घाऊक बाजारातून आलेला असला तर त्यावर मुंबईची जकात कधीच चढलेली असायची. भिवंडीच्या आसपास काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांत गोदामांचं जे रान माजलं, त्याचं एक कारण हेच होतं की ती जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरी मुंबईच्या उंबऱ्यावर होती.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. बुडालेल्या उत्पन्नापोटी राज्य सरकार महापालिकांना दर महिन्याला भरपाई देतं. त्यासाठी २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरलं आणि दर वर्षी त्यावर चक्रवाढीनं आठ टक्के वाढ. मुंबईला यातून २०२५-२६ मध्ये चौदा हजार कोटींच्या घरात रक्कम अपेक्षित होती. बाकीच्या शहरांत जकात आधीच गेली होती. तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला होता. त्यामुळं त्यांचा पायाच अरुंद. त्या एका वर्षात कोण किती कमावत होतं त्यावरून पुढचं सगळं ठरलं. नंतर कल्याण-डोंबिवलीत किंवा वसई-विरारमध्ये किती माणसं राहायला आली, याला या सूत्रात जागाच नाही.

सकाळी १०.४५, घोडबंदर रोड

मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाणे. जकात २०१७ मध्ये गेली, मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. आता रिक्षा बदलण्यापलीकडे हद्द जाणवत नाही. जाणवते ती खातेवहीत.

इथली सोसायटी म्हणजे पंचवीस-पंचवीस मजल्यांचे टॉवर, क्लबहाउस आणि पोहण्याचा तलाव. सोसायटीनं पगारी मॅनेजर ठेवलाय. गेटवरच्या रजिस्टरमध्ये पाहुण्यांची वही पातळ आणि टँकरची वही जाड. सकाळच्या फोटोंतल्या चिठ्ठ्या मी या वहीशी ताडून बघते, कारण एखादी खेप दोनदा लागली तर वर्षअखेरीला ऑडिटर मलाच विचारणार. उन्हाळ्यात टँकरचा खर्च सगळ्या वॉचमनच्या पगाराच्या वर जातो. हा खर्च बिलात कुठल्या नावानं दाखवायचा यावर इथं दर वर्षी वाद होतो. ‘टँकर’ लिहिलं तर फ्लॅट विकताना भाव पडतो, म्हणून कमिटीला ‘अतिरिक्त पाणी व्यवस्था’ असं हवं असतं.

ठाण्याला स्वतःचं धरण नाही. भातसा नदीवरची स्वतःची योजना, स्टेम कंपनी, एमआयडीसी आणि थोडं मुंबई महापालिकेकडून, अशी चार दारांची जुळवाजुळव करून हे शहर पाणी पितं. टॉवर मात्र कोणासाठी थांबले नाहीत. आणि मुंबईला ज्या सात तलावांतून पाणी जातं त्यांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच मुंबईत आहेत. तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा ही पाचही धरणं बाहेर, ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांत. तानसा तर १८९२ सालचं. माणसाला बुटकं करणाऱ्या त्या जलवाहिन्या भिवंडी तालुक्यातून, ठाण्यातून मुंबईकडे जातात. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतो. पाण्याच्या रांगेत मुंबईचा नंबर पहिला लागला, कारण दीडशे वर्षांपूर्वी पैसा आणि सत्ता तिच्याकडे होती. मागून आलेल्या शहरांनी उरलेलं वाटून घेतलं.

या सोसायटीतल्या लोकांना अन्याय झाल्यासारखं वाटत नाही. टँकरचे पैसे भरण्याची ऐपत आहे. महापालिकेला जे जमलं नाही ते इथं वर्गणी काढून आणलं जातं आणि मग महापालिकेकडून कोणी काही मागतही नाही. मला याची काळजी जास्त वाटते. ज्यांचा आवाज वरपर्यंत पोचू शकतो त्यांची तहान खासगी झाली की उरलेल्यांसाठी भांडायला कोण राहतं?

दुपारी १.००, ट्रान्सहार्बर

ठाण्याहून नेरूळची गाडी. दुपारी डबा मोकळा असतो, म्हणून माझा पोळी-भाजीचा डबा इथंच उघडतो. ऐरोली, रबाळे, घणसोली असं एकेक स्टेशन जातं आणि पूर्वेला टीटीसीचा औद्योगिक पट्टा दिसत राहतो. पूर्वी इथं केमिकलचे कारखाने होते, आता त्यांत डेटा सेंटर आणि आयटी पार्कची भर पडली आहे. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ला झाली तेव्हा हा पट्टा तिच्या ओटीत पडला. तिनं जकातीऐवजी सेस लावला, त्यामुळं नाके नव्हते आणि तरी पैसा येत होता. आजही या पट्ट्यातला मालमत्ता कर हा तिचा मोठा आधार आहे.

दुपारी १.४५, नेरूळ

इथलं काम एका तासात आटोपतं. टँकरचं खातं नाही. पाणीपट्टी इतकी कमी की तिच्यावर कोणी सभेत बोलत नाही. २००२ मध्ये या महापालिकेनं महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून खालापूरजवळचं मोरबे धरण विकत घेतलं, दिवसाला ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचं. एका शहराकडे त्या वर्षी धरण घ्यायला पैसे होते, एवढ्या एका व्यवहारानं पुढच्या पिढीचा उन्हाळा बदलला. त्याआधी सिडकोनं १९७० पासून रस्ते, नाले, भूखंड आखून ठेवले होते. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर ही आखणी झाली त्यांच्या गावठाणांची आणि दिघ्याच्या झोपड्यांची गोष्ट वेगळी आहे. सेक्टरमधल्या सोसायटीच्या फाइलमध्ये ती येत नाही.

सेक्रेटरी निवृत्त इंजिनिअर आहेत. आज त्यांच्या टेबलावर चौदा गावांबद्दलचं कात्रण होतं. ठाणे तालुक्याच्या टोकाची ही गावं रहिवाशांनीच मागणी केल्यावर २००७ मध्ये नवी मुंबईतून बाहेर गेली. २०२४ मध्ये ती पुन्हा आत घेतली, तेव्हा विरोध झाला तो नवी मुंबईतून: तिथल्या रस्त्यांचा, पाण्याचा, गटारांचा खर्च आमच्या कराच्या पैशातून का?

‘मॅडम, तुम्हाला काय वाटतं?’ त्यांनी विचारलं.

‘मी डोंबिवलीची. मला विचारू नका.’

ते हसले. मग त्यांनीच सांगितलं. त्यांची मुलगी मिनियापोलिसला असते. तिकडे शहर आणि उपनगरं मिळून सात काउंटींसाठी १९७१ मध्ये एक कायदा झाला. तेव्हापासून प्रत्येक गावात दुकानं, कचेऱ्या, कारखाने यांच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल तिचा चाळीस टक्के भाग सामाईक खात्यात जातो आणि ज्या गावाची दरडोई करक्षमता कमी त्याला त्यातून जास्त मिळतं. श्रीमंत उपनगरं कोर्टात गेली, कायदा टिकला. ‘मॉल कोणाच्याही हद्दीत येवो, शेजारच्या गावालाही थोडं मिळतं,’ ते म्हणाले. ‘आपल्याकडे मॉल ज्याचा त्याचा, आणि ट्रॅफिक सगळ्यांचं.’

दुपारी ३.१५, नेरूळच्या सोसायटीचं ऑफिस

पंखा चांगला आहे म्हणून इथं बसूनच मी इतर सोसायट्यांची बिलं काढते. आज त्याआधी लॅपटॉपवर एक कोरी शीट उघडली. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांचे आकडे घेतले. मुंबई ७४,४२७ कोटी. नवी मुंबई ५,७०९ कोटी. ठाणे ५,६४५ कोटी. कल्याण-डोंबिवली साडेतीन हजार कोटींच्या आत. माणसांचा आकडा २०११ च्या जनगणनेचा, कारण दुसरा नाही: मुंबई १ कोटी २४ लाख, ठाणे १८ लाख ४१ हजार, नवी मुंबई ११ लाख २० हजार, कल्याण-डोंबिवली २०१५ मध्ये आत आलेली २७ गावं धरून साधारण १५ लाख.

भागाकार केला तर माणशी मुंबईत साठ हजारांच्या आसपास, नवी मुंबईत पन्नास हजार, ठाण्यात तीस हजार आणि आमच्याकडे बावीस-तेवीस हजार. एकाच गाडीच्या एकाच डब्यात शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीच्या नावावर तिची महापालिका दुसरीच्या जवळजवळ तिप्पट खर्च मांडते. प्रत्यक्षातली दरी याहून मोठी असणार, कारण २०११ नंतर माणसं वाढली ती मुख्यतः बाहेरच्या शहरांत. मुंबईत जागा परवडेना म्हणून तिथून निघालेली माणसंच बदलापूर, टिटवाळा, दिवा, विरारला गेली. मुंबई महापालिकेच्या बँक ठेवी २०२२ च्या सुमारास नव्वद हजार कोटींच्या घरात होत्या, म्हणजे तिच्या तेव्हाच्या वर्षभराच्या अंदाजपत्रकाच्या जवळपास दुप्पट.

अंदाजपत्रकातला सगळा पैसा खर्च होत नाही, हे कोणीही अकाउंटंट सांगेल. पण कोण काय मांडू शकतं, हेही त्यातूनच कळतं.

संध्याकाळी ५.४५, दिवा

नेरूळहून परत ठाणे, तिथून दिवा. ऐरोली-कळवा जोडमार्ग झाला असता तर ठाण्याच्या पुलावरची ढकलाढकली वाचली असती. तोवर पिशवी छातीशी धरून जिना चढायचा.

दिवा ठाणे महापालिकेतच आहे. सकाळचे टॉवर आणि ही गल्ली एकाच हद्दीत, एकाच आयुक्तांच्या सहीखाली. महापालिका तीच असली म्हणून आतली वाटणी सारखी होत नाही. शहराचा कचरा वर्षानुवर्षं दिव्याच्या डम्पिंगवर पडत होता, ते २०२३ मध्ये बंद झालं. इथली इमारत सात मजल्यांची, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नसलेली. ओसी नाही म्हणून सोसायटीची नोंदणी नाही, कन्व्हेयन्स नाही, बँकेत खातं उघडायलाही अडचण. म्हणून ‘कमिटी’ आहे आणि मी लिहिते ती नुसती रोखवही. मालमत्ता कर मात्र इथंही भरला जातो. कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, हे बिलावरच छापलेलं असतं. भरणाऱ्याला तेवढीच एक सरकारी पावती मिळते, म्हणून तो ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो.

राहणारे बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गकडचे. कोकणच्या गाड्या दिव्याला थांबतात, गणपतीला जायला सोपं. कोणी ठाण्याच्या टॉवरवर वॉचमन, कोणी पार्सल पोचवणारा, बायका मुलुंड-घाटकोपरला घरकामाला. घोडबंदरच्या वहीत टँकरच्या खेपा लिहिणारा वॉचमन अशाच एखाद्या इमारतीत राहत असेल आणि घरी येऊन स्वतःच्या पाण्यासाठी वर्गणी देत असेल. इथं टँकरला वेगळं नाव द्यावं लागत नाही. विकताना भाव पडेल याची चिंता नाही, कारण भाव आधीच पडलेला आहे. घर स्वस्त मिळालं ते यामुळंच. जी सोय महापालिकेनं दिली नाही ती आयुष्यभर हप्त्याहप्त्यानं विकत घ्यायची, हा त्या स्वस्तपणाचा हिशेब.

वर्गणी राहिलेल्या माळ्यावर गेले तर एका घरी दार उघडायला मोठी मुलगी. आई कळव्याच्या हॉस्पिटलात, आजीबरोबर. या पट्ट्यात दुखणं अवघड झालं की कळवा, आणि तिथं नाही जमलं की सायन, हा मार्ग सगळ्यांना पाठ आहे. ठाणे महापालिकेच्या पाचशे खाटांच्या त्या रुग्णालयात शहापूर-मुरबाडपासूनचे रुग्ण येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसात तिथं अठरा मृत्यू झाले तेव्हा महाराष्ट्रभर बातमी झाली. सकाळी मुलुंडचे काका जे म्हणत होते तेच कळव्याचे करदातेही म्हणू शकतात: बाहेरचे येतात. प्रत्येक हद्द पुढच्या हद्दीकडे बोट दाखवते. रुग्ण मात्र पैसा असेल तिथं जात राहतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

वर्गणीचं मी काही बोलले नाही. रोखवहीत नाव पुढच्या महिन्यात ओढलं.

रात्री ८.१५, डोंबिवली, २७ गावांचा पट्टा

दिवसाचं शेवटचं काम म्हणजे कमिटीची मीटिंग. ही सोसायटी २७ गावांच्या भागात आहे. या गावांचा इतिहास जमाखर्चासारखाच आहे, एकदा आत, एकदा बाहेर. १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा आत, २००२ मध्ये बाहेर, जून २०१५ मध्ये पुन्हा आत. मार्च २०२० मध्ये त्यांतली अठरा वगळायचं ठरलं आणि डिसेंबरात उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. गावकरी म्हणतात, महापालिका आली ती कर घेऊन आली. महापालिकेत म्हणतात, गावं आली ती खर्च घेऊन आली. दोघांचंही खरं आहे. महापालिकेकडे नेरूळसारखं धरण नाही, मुंबईएवढी भरपाई नाही आणि बीकेसीसारखी एखादी जागाही नाही.

आजचा विषय साधा होता. लिफ्टचा वार्षिक देखभाल करार महागला, बिलात वाढ करायची. तळमजल्यावरचे काका उभे राहिले. ‘वहिनी, मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. मी का भरू?’

हा प्रश्न प्रत्येक सोसायटीत येतो आणि त्याचं उत्तर आदर्श उपविधींत छापलेलं आहे. पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या प्रमाणात. सेवा शुल्क सगळ्यांना समान. आणि लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांना समान, कोणी ती वापरो वा न वापरो. मी वाचून दाखवलं. काका थोडा वेळ कुरकुरले. मग सातव्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘तुमच्या दारासमोरचं गटार तुंबलं तेव्हा आम्ही वर्गणी दिली होती की.’ त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ठराव मंजूर झाला. एका सभासदाचा विरोध, तोही इतिवृत्तात नोंदवला.

चाळीस घरांच्या इमारतीसाठी सरकारनं ठरवून दिलं आहे की सामाईक काय, त्याचे वाटे कसे पाडायचे आणि कोण कुरकुरला तर काय करायचं. नऊ महापालिका, त्यांच्या आजूबाजूच्या नगरपालिका आणि हजारभर गावं मिळून जो मुंबई महानगर प्रदेश झाला आहे त्याला असा नियम नाही. एमएमआरडीए ही प्रदेशाची विकास यंत्रणा आहे, १९७५ पासून. बीकेसीच्या जमिनी भाड्यानं देऊन तिनं पैसा उभा केला आणि त्यातून दूरच्या शहरांत पूलही बांधले. मे २०२४ मध्ये खुला झालेला माणकोली-मोठागाव पूल आमच्याच उपयोगाचा. पण पूल एकदा बांधून होतो. पाणी, कचरा, दवाखाना, शाळा हा रोजचा खर्च आहे, आणि तो ज्या त्या शहरानं आपल्या ऐपतीप्रमाणे भागवायचा. गाडी सामाईक, धरणं सामाईक डोंगरांतली, कामगार सामाईक. खातं तेवढं स्वतंत्र.

माझ्यासारखीनं मागायचं झालं तर मुंबईचे पैसे डोंबिवलीला द्या असं मी मागणार नाही. मुंबईतही धारावी आहे, गोवंडी आहे, तिथल्याही वह्या कोणीतरी लिहितं. मी एवढंच मागेन की इथून पुढं या प्रदेशात जी नवी कचेरी, गोदाम किंवा मॉल उभा राहील त्याच्या करातला ठरावीक वाटा सामाईक खात्यात जावा आणि माणशी उत्पन्न जिथं कमी तिथं तो आधी पोचावा. जीएसटीच्या भरपाईचं सूत्र पुन्हा मांडताना २०१६-१७ च्या कमाईबरोबर आजची माणसंही मोजावीत. यात कोणाच्या ताब्यातला रुपया काढून घ्यायचा नाही. फक्त वाढीची वाटणी बदलायची.

रात्री १०.३०, घरी

इतिवृत्त टाइप केलं, सेक्रेटरींना पाठवलं. मग मुलुंड, घोडबंदर, नेरूळ आणि डोंबिवलीची बिलं काढली. चारही सोसायट्यांसाठी माझ्याकडे नमुना एकच आहे, खाती तीच, क्रम तोच. जिथं लागू नाही ती ओळ सॉफ्टवेअर आपोआप लपवतं. मुलुंडच्या बिलात मालमत्ता कराची ओळ लपली, नेरूळच्या बिलात टँकरची. घोडबंदर आणि डोंबिवलीच्या बिलांत काहीच लपलं नाही, म्हणून ती बिलं लांब झाली. दिव्याचं बिल निघत नाही. तिथं उद्या सकाळी रोखवहीतल्या नावांना फोन करायचे आहेत.